अनामत जप्त झालेल्यांच्या वतीने

प्रति,
मराठी वर्तमानपत्रांचे संपादक आणि निवडणुकांचं वार्तांकन करणारे वार्ताहर यांस,



निवडणूक लागली की तुमच्या पानांवर प्रत्येक मतदारसंघाची एक चौकट येते. वर ‘मुख्य लढत’, खाली दोन किंवा तीन नावं, त्यांचे फोटो, मागच्या वेळची मतं, जातींचं गणित. आणि अगदी तळाशी बारीक टायपात एक ओळ असते, की याशिवाय अमुक इतके उमेदवार रिंगणात आहेत. २०२४ च्या विधानसभेला त्या ओळीत आमच्या बाई होत्या. निवृत्त परिचारिका. मी त्यांचा निवडणूक खर्च लिहीत होते. माझं एरवीचं कामही हिशेबाचंच, त्यामुळे ती वही माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर ही सगळी तळमळही.

आधीच सांगते, आम्ही निवडून येणार नव्हतो आणि ते आम्हाला अर्ज भरायच्या आधीपासून ठाऊक होतं. तेव्हा ‘आमच्यावर अन्याय झाला, आमची लाट होती’ असलं काही या पत्रात नाही. तक्रार आहे ती तुमच्या प्रश्नांबद्दल. ‘निवडून येणार नाही हे माहीत असताना उभ्या कशाला राहिलात?’ हा प्रश्न बाईंना अनेकांनी विचारला, त्यात तुमच्यातलेही होते. पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. खरं तर तो त्या दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न होता.

निकालानंतर तुमच्या लेखी अशा माणसाची एकच बातमी होते: अनामत जप्त. जरा या अनामतीकडे बघू. विधानसभेला दहा हजार रुपये, लोकसभेला पंचवीस हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली तरच ते पैसे परत. २०२४ च्या लोकसभेला देशभर ८,३६० उमेदवार होते, त्यांत ३,९२१ अपक्ष. सात जण निवडून आले आणि ३,९०५ जणांची अनामत गेली. म्हणजे पैसे परत मिळाले ते जेमतेम सोळा अपक्षांना. आपल्या विधानसभेला ४,१३६ उमेदवारांत २,०८६ अपक्ष होते, त्यांतले दोन निवडून आले, जुन्नरला आणि चंदगडला, आणि दोघेही पक्षातून बंड करून उभे राहिलेले. जी गोष्ट शंभरातल्या नव्याण्णवांच्या बाबतीत घडते तिची तुम्ही दर निवडणुकीला बातमी करता, तीही मिश्किल मथळ्याखाली.

मेधा पाटकर २०१४ साली ईशान्य मुंबईतून उभ्या होत्या. त्यांना पाऊण लाखाहून अधिक मतं पडली आणि अनामत गेली. पाऊण लाख माणसं म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाची दुप्पट वस्ती. ती माणसं कोण होती, गोवंडीची होती की मुलुंडची, झोपडपट्टीतली की सोसायटीतली, घर वाचवण्यासाठी मत देणारी की ‘आप’ या नव्या पक्षाच्या कुतूहलापोटी, हे शोधलं असतं तर शहराबद्दल काहीतरी कळलं असतं. ‘अनामत जप्त’ यातून काय कळतं?

बेळगावची गोष्ट तर तुमच्या-माझ्या जास्त जवळची. १९९६ च्या लोकसभेला महाराष्ट्र एकीकरण समितीने सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून शेकडो माणसं उभी केली आणि बेळगावात एकूण ४५६ उमेदवार झाले. त्याच वर्षी नलगोंड्याला पाण्यातल्या फ्लोराइडने हाडं वाकलेल्या गावांनीही तेच केलं आणि तिथे एकूण ४८० उमेदवार झाले. तमिळनाडूतल्या मोडकुरिचीला विधानसभेसाठी १,०३३ उमेदवार, मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका छापावी लागली. या तिन्ही ठिकाणी निवडून येणं हा हेतूच नव्हता. मतपत्रिकाच अर्जासारखी वापरायची, सरकारला ती छापायला लावायची, मोजायला लावायची. यश मोजायचं तर त्याच मापाने मोजायला हवं. व्यवस्थेने दखल घेतली का? घेतली, पण कशी, ते पाहा. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची पाचशे रुपयांची अनामत दहा हजारांवर गेली, अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले, प्रचाराचे दिवस कमी झाले. शिवाय आणखी एक कलम आलं, जे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. मतदानाआधी मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तर मतदान पुढे ढकलतात, अपक्ष वारला तर नाही. त्याला कारणं असतील, मी वाद घालत नाही. कायद्याच्या हिशेबी आपण किती वजनाचे आहोत एवढं त्यावरून कळतं.

त्याच बेळगावात २०२१ साली लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींपेक्षा ५,२४० मतांनी पुढे राहिल्या. समितीच्या शुभम शेळकेंना एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. एक षष्ठांशाच्या नियमाने त्यांचीही अनामत गेली. म्हणजे विजयाच्या फरकाच्या वीस-बावीस पट मतं घेणारा उमेदवार सरकारी कागदावर ‘अनामत जप्त’. त्या मतांनी सीमाप्रश्न सुटला नाही, सुटणारही नव्हता. पण साठहून अधिक वर्षांनंतरही, तिसऱ्या पिढीत, लाखभर माणसं त्या एका मागणीवर मत देतात हे त्या दिवशी मोजलं गेलं. भाषणातला दावा आणि मोजलेला आकडा यात फरक असतो, आणि हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ‘मतं खाल्ली’ याबद्दल. हा तर तुमचा आवडता निष्कर्ष. अमक्याचा पराभव झाला कारण तमक्या अपक्षाने आठ हजार मतं खाल्ली. ती मतं आधी कुणाच्या ताटात वाढलेली होती? मतदार कुणाच्या घरचा नाही, तो त्या दिवशी बाहेर पडून शिवणयंत्राचं, म्हणजे आमच्या चिन्हाचं, बटण दाबून आला, बस.

हो, डमी उमेदवार असतात, हे मला मान्य आहे. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली. त्या गृहस्थांचा मुद्दा काय होता हे बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं. असे उमेदवार कुणी उभे केले, त्यांची अनामत कुणी भरली, त्यांचे सूचक कुठले, हे तुम्ही जरूर शोधा, त्यासाठीच तर तुम्ही आहात. पण नामसाधर्म्यासाठी आणलेला माणूस आणि वीस वर्षं एखाद्या प्रश्नावर काम करून उभा राहिलेला माणूस यांना एकाच ओळीत, एकाच क्रियापदाने निकालात काढू नका. फरक ओळखणं अवघड नाही. दोघांना एकेक चहा पाजा आणि मतदारसंघातल्या पाच गावांची नावं विचारा.

तुम्ही लक्ष देता ते कधी, हेही जरा बोलू. दहा हजारांची चिल्लर पोत्यात भरून आणली, बैलगाडीतून आला, यमाचा पोशाख घालून तहसील कचेरीत शिरला, तर पहिल्या पानावर फोटो. बाईंनाही एका वार्ताहराने सुचवलं होतं, नर्सच्या गणवेशात अर्ज भरायला या, चांगला फोटो होईल. बाई म्हणाल्या, ‘गणवेश पेशंटसाठी असतो, बाळ.’ फोटो आला नाही. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन, टायर दुरुस्तीचं दुकान चालवणारे, १९८८ पासून दोनशेहून अधिक निवडणुका हरले आहेत. हरण्याचाच विक्रम त्यांना करायचा आहे आणि तो ते इमानाने करतात. १९९१ ला नंद्यालमध्ये पंतप्रधान नरसिंह रावांसमोरही त्यांनी अर्ज भरला होता. माणूस मजेदार आहे, त्यांच्याबद्दल वाचायला मलाही आवडतं. पण सगळ्या देशाला ठाऊक असलेला हरणारा उमेदवार नेमका असा असावा, यात तुमचाही हातभार आहे. तमाशा केला तर जागा मिळते हे एकदा कळलं की पुढचा माणूस तमाशाच करणार.

मग यश कशाला म्हणायचं? माझं उत्तर हिशेब लिहिणाऱ्या बाईचं आहे, ते कोरडं वाटलं तर क्षमा करा. उभं राहण्याआधी जे ठरवलं होतं ते झालं का, एवढंच. आणि ते उमेदवारागणिक वेगळं असतं.

बहुजन समाज पक्षाचे कांशीराम पुण्यात एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करत होते, तिथून ते चळवळीत आले. त्यांनी कार्यकर्त्यांना हिशेब समजावून ठेवला होता, की पहिली निवडणूक हरायची, दुसरीत कुणाला तरी हरवायचं आणि तिसरी जिंकायची. १९८४ ला ते जांजगीरला पडले. १९८८ ला अलाहाबादला व्ही. पी. सिंगांसमोर तिसरे आले. १९९१ ला इटाव्यातून लोकसभेत गेले, अर्थात तेव्हा मुलायमसिंगांची साथ होती. मायावती १९८४ ला कैराना, १९८५ ला बिजनौर, १९८७ ला हरिद्वार अशा पडत गेल्या, १९८९ ला बिजनौरनेच त्यांना निवडून दिलं आणि १९९५ ला त्या उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. या पहिल्या पराभवांच्या बातम्या कुणी ‘अनामत’ एवढ्यावर संपवल्या असतील, तर त्याच्या हातून दशकातली सगळ्यात मोठी राजकीय बातमी निसटली. आपल्याकडे राजू शेट्टींनी ‘एक वोट, एक नोट’ म्हणत शेतकऱ्यांकडून मताबरोबर पैसेही मागितले. २००४ ला शिरोळातून अपक्ष आमदार झाले, २००९ ला हातकणंगल्यातून खासदार. ज्याने मतही दिलं आणि खिशातले दहा रुपयेही, तो माणूस निकालानंतर घरी बसत नाही. ती नोट म्हणजे संघटना.

निजामाबादच्या शेतकऱ्यांना तर आमदार-खासदार व्हायचंच नव्हतं. २०१९ च्या लोकसभेला तिथे १८५ उमेदवार झाले. त्यांतले बहुतेक सगळे हळद आणि ज्वारी पिकवणारे. निवडणूक आयोगाला एकेका केंद्रावर बारा-बारा मतपत्र यंत्रं जोडून मांडावी लागली. मागणी होती हळदीला भाव आणि हळद मंडळ. तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची कन्या कविता त्या निवडणुकीत पडल्या. निवडून आलेल्या धर्मपुरी अरविंदांनी मंडळ आणून देण्याचं वचन बाँड पेपरवर लिहून दिलं होतं. मंडळाची घोषणा झाली २०२३ च्या ऑक्टोबरात, उद्घाटन २०२५ च्या जानेवारीत, आणि मुख्यालय निजामाबादेतच. त्या शेतकऱ्यांपैकी एकही निवडून आला नाही. त्यांना अपयशी कसं म्हणायचं ते मला सांगा. सांगली, हिंगोली, वसमतच्या वाचकांना तर ही गोष्ट आवृत्तीच्या पहिल्या पानावर द्यायला हवी.

आणि काही पराभव हे नुसते पराभव असतात, तेही लिहा. इरोम शर्मिला सोळा वर्षं उपोषणावर होत्या आणि २०१७ ला मणिपुरातल्या थौबालमध्ये मुख्यमंत्री इबोबी सिंहांसमोर त्यांना ९० मतं पडली. नोटाला १४३. याला कुणी ‘नैतिक विजय’ म्हणू लागलं तर मला राग येईल. ज्या गावांसाठी अन्न सोडलं त्यांनी मत का दिलं नाही, हा प्रश्न त्यांनाही टोचला असणार आणि तो विचारण्यात अनादर नाही. आमच्यासारख्यांना तुमची दया नको. पडलेला प्रत्येक उमेदवार माईकसमोर ‘जनतेचा कौल मान्य, पण नैतिक विजय आमचाच’ म्हणतो आणि तुम्ही ते तसंच्या तसं छापता, हीही एक प्रकारची उपेक्षाच आहे. पुढे विचारा ना, नैतिक म्हणजे नेमकं किती, कुठल्या गावात, कशावरून?

आमचंच सांगते. बाईंचा मुद्दा होता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा. भूलतज्ज्ञ नाही, म्हणून सिझेरियनची प्रत्येक बाई जिल्ह्याला पाठवायची. तीस वर्षं त्यांनी स्वतः या बायकांना गाडीत बसवून दिलं होतं. उभं राहताना त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावल्या. एक, प्रत्येक मोठ्या उमेदवाराला प्रचार संपेपर्यंत भूलतज्ज्ञाबद्दल बोलायला लावायचं. दोन, ज्या उपकेंद्रांवर नोकरी केली त्या गावांत तरी लोक आपल्यासाठी बाहेर पडतात का, ते बघायचं. तीन, कर्ज काढायचं नाही.

माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, चिन्ह हातात पडलं आणि प्रचार थांबला १८ ला. दोन आठवड्यांत शिवणयंत्र घरोघर पोहोचवायचं. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदार यादी फुकट मिळते, आम्हाला विकत घ्यावी लागली. खर्चाची वही तीन रंगांची असते: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. चहा, वडापाव, खुर्ची, भोंगा, प्रत्येकाचा दर जिल्हा प्रशासनाने ठरवून दिलेला, आणि वही अधूनमधून तपासणीला न्यायची. विधानसभेची मर्यादा चाळीस लाखांची. आमची पिवळी पानं जवळजवळ कोरीच राहिली. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात, म्हणून पडलेल्या उमेदवाराचं काम निकालाने संपत नाही, हे कुठल्याच बातमीत येत नाही.

बाईंना मतं पडली चार आकडी. अनामत अर्थातच गेली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्या कुठेच नव्हत्या, कोष्टकात ‘इतर’ म्हणून सगळ्यांची बेरीज होती. पण काही दिवसांनी नमुना २० हाती आला. तुम्हाला माहीतच असेल, त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते असतं, अपक्षालासुद्धा, अगदी शून्य असलं तरी. उपकेंद्राच्या गावांतल्या काही केंद्रांवर बाई दुसऱ्या होत्या. शहरात कुणी ओळखत नव्हतं, तिथे दोन, पाच, एक. एका वाडीवर मात्र, जिथे आम्ही गेलोच नव्हतो, तिथे मतं निघाली. चौकशी केली तर कळलं, की तिथली एक सून बाईंनी वेळेवर जिल्ह्याला पोहोचवली होती. अपेक्षेप्रमाणे हरलेल्या ठिकाणचा आकडा काही शिकवत नाही, असा एखादा आकडा मात्र पुढच्या पाच वर्षांचं काम सांगतो.

पहिल्या कलमाचं काय झालं? दोन्ही मोठ्या उमेदवारांनी शेवटच्या सभांत रुग्णालयाचं नाव घेतलं. आता आठवड्यातून दोन दिवस भूलतज्ज्ञ येतात. ते बाईंमुळे आले असं मी म्हणणार नाही. भरती आधीपासून अडकली होती, ती सुटायला दहा कारणं असतात. कर्ज काढलं नाही, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते, वही माझ्याकडे आहे.

तर माझ्या मागण्या फार नाहीत. उमेदवारांची पूर्ण यादी एकदा तरी छापा, नाव, चिन्ह, व्यवसाय आणि एक ओळ मुद्दा. सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर असतातच, त्यामुळे हे फार कष्टाचं नाही. अर्ज भरण्याच्या आठवड्यात प्रत्येक छोट्या उमेदवाराला एकच प्रश्न विचारा, की निवडून आला नाहीत तर कशाला यश मानाल? उत्तर लिहून ठेवा. उत्तर देता आलं नाही तर तेही छापा, आमची हरकत नाही, त्याने खोटे उमेदवार आपोआप उघडे पडतील. निकालानंतर ते लिहून ठेवलेलं काढा आणि त्याच मापाने त्यांना धरा, बड्या पक्षांना जाहीरनाम्यावरून धरता तसंच. जमलं तर सहा महिन्यांनी एखाद्या ठिकाणी परत जा. ‘याशिवाय’च्या त्या बारीक ओळीतली दोन-तीन माणसं तरी तिथे तुम्हाला काम करताना सापडतील. बाकीची सापडणार नाहीत, तीही बातमीच आहे.

महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकांत तर हे जास्त महत्त्वाचं. तिथे प्रभाग छोटा, शंभर-दोनशे मतांनी नाल्याचा, बोअरचा, शाळेच्या वर्गखोलीचा प्रश्न पुढे सरकतो किंवा मागे पडतो. तिथले ‘इतर’ तुमच्या कार्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर राहतात.

बाई पुन्हा उभ्या राहणार का, असं कुणी विचारलंच तर सांगते. त्यांचं अजून ठरलेलं नाही. वहीची मागची पानं मात्र कोरी ठेवली आहेत.



आपली एक नियमित वाचक,
एका पडलेल्या उमेदवाराची हिशेबनीस

ता. क. नमुना २० राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. बहुतेक पानं स्कॅन करून टाकलेली असतात, त्यामुळे संगणकाला नाव शोधायला सांगून भागत नाही. मोठा चष्मा आणि एक पट्टी घेऊन बसावं लागतं. पट्टी ओळीखाली धरली नाही तर शेजारच्या केंद्राचा आकडा वाचला जातो.